नावावर चढलेली परकी रक्कम

बुलढाणा जिल्ह्यात एखाद्याचा ठावठिकाणा विचारला, तर गावाचे नाव सांगण्यापूर्वी तो घाटावरचा की घाटाखालचा, एवढे सांगितले की अर्धे उत्तर पुरे होते. परंतु घाटावर चिखली-मेहकराकडे जा की घाटाखाली नांदुरा-मलकापुराकडे उतरा, एका जातीचा मनुष्य दोहीकडे सारखाच भेटतो, आणि तो म्हणजे लहान कंत्राटदार. एक ट्रॅक्टर, एक मिक्सर, दहापंधरा ओळखीचे मजूर आणि नोंदणीचा दाखला एवढेच त्याचे भांडवल असते. तो कोठे शाळेच्या खोलीवर छत घालतो, कोठे पाणंद रस्त्यावर मुरूम पसरतो, कोठे सभामंडपाचे खांब उभे करतो. आणि त्याच्या हिशेबाचे सारे दप्तर बहुधा घरातल्या कोनाड्यात एका कापडी पिशवीत कोंबलेले असते. लहान सरकारी कामांच्या वाटपात मजूर सहकारी संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि खुले कंत्राटदार यांच्यासाठी ३३, ३३ आणि ३४ टक्के असे प्रमाण राज्यात रूढ झाल्यापासून या व्यवसायात पदविकाधारक तरुणही आले आणि संस्थांचे अध्यक्षही आले. पिशवी मात्र तीच राहिली.

अशा मनुष्याला, विवरणपत्र भरण्याच्या दिवसांत करसल्लागारासमोर बसला असता, त्याच्या पॅनखाली पडद्यावर एखादी अशी रक्कम दिसते, की जी त्याच्या हाती कधी आली नाही आणि पासबुकातही कोठे सापडत नाही. त्यावर तीन प्रकारची माणसे तीन प्रकारे वागतात. पहिला म्हणतो, सरकारी कागदावर आहे त्या अर्थी खरेच असणार, आणि निमूटपणे त्यावर कर भरतो. दुसरा म्हणतो, मला मिळालेच नाही तर माझा संबंध काय, आणि मौन पत्करतो. तिसरा सर्वांत चलाख. त्याला रकमेशेजारी कापलेल्या कराचा आकडाही दिसतो, आणि तो परताव्याची स्वप्ने पाहू लागतो. तिघांपैकी पुढे त्रास कोणाला चुकला, असे मी पाहिलेले नाही.

या नोंदीचा लेखक कोण, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. १ एप्रिल २०२६ पूर्वीच्या वर्षांना लागू असलेल्या प्राप्तिकर कायदा, १९६१ याच्या कलम १९४सी प्रमाणे कंत्राटाच्या एका देयकाची रक्कम ३०,००० रुपयांहून किंवा वर्षाची एकूण १,००,००० रुपयांहून अधिक झाली, की पैसे देणाऱ्याने मुळातूनच कर कापून ठेवावयाचा असतो; यालाच टीडीएस म्हणतात. व्यक्ती अथवा हिंदू एकत्र कुटुंब असल्यास १ टक्का, भागीदारी पेढी, कंपनी वा मजूर सहकारी संस्था असल्यास २ टक्के, आणि पॅन दिलाच नाही तर २० टक्के. कापणारे कार्यालय दर तिमाहीचा तपशील २६क्यू या नमुन्यात ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे या तारखांपर्यंत सादर करते, त्यानंतर पंधरा दिवसांत १६ए हा दाखला आपणांस देणे त्याच्यावर बंधनकारक असते. आणि त्याच तपशिलातील आकडे आपल्या पॅनखालील करपत्रकात, म्हणजे २६एएसमध्ये, व नोव्हेंबर २०२१ पासून वार्षिक माहितीपत्रकात, म्हणजे सर्वजण ज्याला एआयएस म्हणतात त्यात, उतरतात. प्राप्तिकर खाते येथे केवळ नक्कलनवीस आहे. आपल्या नावावर परकी रक्कम चढविली ती पैसे देणाऱ्या कार्यालयातील संगणकावर बसलेल्या एखाद्या लिपिकाने, बहुधा मार्चअखेरच्या गर्दीत. आणि ती उतरविण्याचा अधिकारही त्याच दप्तराला आहे. करसल्लागार, बेंगळुरूचे विवरणपत्र केंद्र किंवा गाझियाबादचे टीडीएस केंद्र यांच्यापैकी कोणीही त्या आकड्याला स्वतः होऊन हात लावू शकत नाही. अमेरिकेत स्वतंत्रपणे काम करणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना १०९९-एनईसी नावाचा जो कागद मिळतो, त्याची दुरुस्तीदेखील पैसे देणाऱ्यानेच करावयाची असते.

परंतु तक्रारीचा अर्ज लिहिण्यापूर्वी रुजवात घातली पाहिजे. माझा अनुभव असा आहे की, चुकीची म्हणून दाखविल्या जाणाऱ्या नोंदींपैकी पुष्कळशा मुळात चुकीच्या नसतातच. कंत्राटदार बँकेत जमा झालेला आकडा धरून बसतो आणि कार्यालय मंजूर देयकाचा आकडा कळविते, एवढाच काय तो भेद असतो. दहा लाखांचे देयक मंजूर झाले असे समजा. त्यातून बांधकाम कामगार कल्याणाचा १ टक्का उपकर, म्हणजे १०,००० रुपये गेले. प्राप्तिकराचे १०,००० गेले. करार अडीच लाखांवरचा असल्यामुळे जीएसटीच्या टीडीएसचे २ टक्के, म्हणजे २०,००० गेले. गौण खनिजाचे स्वामित्वधन गेले. सुरक्षा अनामत राखून ठेवली गेली. खात्यात उरते ते नऊ लाखांच्या आसपास, किंवा त्याहूनही कमी. पण आपली कमाई, कायद्याच्या दृष्टीने, दहा लाखांचीच आहे, कारण वजा झालेल्या रकमा आपल्याच देण्यापोटी वा आपल्याच ठेवीपोटी गेल्या आहेत. तेव्हा २६एएसमध्ये दहा लाख दिसले तर कार्यालयाची कसलीही आगळीक झालेली नाही. जीएसटीचा टीडीएस तेथे दिसणार नाही. तो जीएसटीच्या पोर्टलवरील आपल्या रोख खात्यात शोधावा. हे दोन टीडीएस एकमेकांत मिसळून हिशेबाचा काला करणारे कंत्राटदार दर वर्षी भेटतात.

जीएसटीचीच आणखी एक गुंतागुंत आहे. देयकात तो कर स्वतंत्र दाखविला असेल, तर तो वगळून उरलेल्या रकमेवरच प्राप्तिकर कापावा, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचे १९ जुलै २०१७ चे परिपत्रक सांगते. तरीही काही कार्यालये संपूर्ण रकमेवर कापतात, आणि मग २६एएसमधील जमा आपल्या उलाढालीपेक्षा बरोबर जीएसटीइतकी फुगलेली दिसते. असा फरक दिसल्यास भांडणाचे कारण नाही. फरकाचा एक कागद तयार करून विवरणपत्राच्या फायलीत ठेवला म्हणजे भागते.

सुरक्षा अनामतीविषयी मात्र डोळ्यांत तेल घालून राहावे. देयकाच्या वेळी पूर्ण रक्कम कळविली गेली, तिच्यावर कर कापला गेला, आणि दोन वर्षांनी दोषदायित्वाची मुदत संपल्यावर अनामत परत मिळाली, तर ती परत मिळालेली रक्कम नवे उत्पन्न नव्हे. कार्यालयातील माणसे दरम्यान बदललेली असतात. नव्या माणसाने त्या परताव्याला नवे देयक समजून पुन्हा कर कापला, तर तीच कमाई दोनदा नावावर चढते. ही खरी चूक होय, आणि मूळ देयकाची प्रत जवळ नसेल तर ती सिद्ध करणे फार जिकिरीचे जाते.

यानंतर वर्षाचा प्रश्न येतो, आणि सरकारी कामे करणाऱ्याच्या आयुष्यात याहून मोठा प्रश्न नाही. काम फेब्रुवारीत संपले, मोजमाप पुस्तिकेत मार्चमध्ये नोंद झाली, देयक सादर झाले, आणि निधीअभावी पैसे पुढच्या दिवाळीला आले, हा क्रम इकडे कोणास नवा वाटणार नाही. ज्याने देयक सादर केले त्याच वर्षी ते उत्पन्न दाखविले, त्याला पुढील वर्षीच्या २६एएसमध्ये ती रक्कम पुन्हा आढळते आणि चूक झाल्यासारखे वाटते. वस्तुतः कार्यालयाने पैसे दिले तेव्हा कर कापला, एवढेच घडले आहे. येथे दुरुस्ती कार्यालयाकडे मागावयाची नसते. उत्पन्न ज्या वर्षाचे, कराची वजावट त्याच वर्षी, असा नियम ३७बीएचा दंडक आहे. आणि उत्पन्न आधीच्या वर्षी दाखवून कर नंतरच्या वर्षी कापला गेला असेल, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून कलम १५५(२०) अन्वये, कर कापल्याच्या आर्थिक वर्षाअखेरपासून दोन वर्षांच्या आत, नमुना ७१ मध्ये अर्ज करून ती वजावट मागता येते. उलट प्रकार अग्रिम रकमेचा: काम सुरू करण्यापूर्वी उचल मिळाली, तिच्यावर कर कापला गेला, पण उत्पन्न पुढच्या वर्षी होणार, तर विवरणपत्रातच तेवढी वजावट पुढे ओढण्याचा रकाना असतो, तो भरावा.

आता खऱ्या चुकांकडे वळू. शून्य वाढणे, एकाच देयकाची नोंद दोन तिमाहींत होणे, रद्द झालेले देयक तसेच राहून जाणे, ही नित्याची उदाहरणे. यंत्र भाड्याने दिले ते १९४आयमध्ये की १९४सीमध्ये, असा कलमांचा घोळही असतो, पण त्याने उत्पन्न बदलत नाही. नुसते कलम चुकले असेल तर मी सहसा त्यामागे धावू नये असे सांगेन. पॅनची चूक मात्र भलतीच. बापाच्या नावाचा दाखला आणि मुलाच्या नावाचे काम. संस्थेचे देयक आणि अध्यक्षाचा पॅन. एकाच आडनावाचे, एकाच गावचे दोघे. समृद्धी महामार्ग सिंदखेड राजा, लोणार, मेहकर या बाजूने गेला, त्या काळात टिपर आणि ट्रॅक्टर भाड्याने लावणाऱ्यांची जी रीत मी ऐकली ती अशी की, चारपाच गाडीवाल्यांचे भाडे सोयीसाठी एकाच्याच खात्यावर घ्यावयाचे आणि रात्री आपसात वाटून घ्यावयाचे. सोय खरी, पण सरकारदरबारी तो एकटाच श्रीमंत ठरतो. दहा किंवा त्याहून कमी मालवाहू गाड्या असणाऱ्याने तसे प्रतिज्ञापन पॅनसह दिल्यास वाहतुकीच्या भाड्यातून कर कापावयाचा नसतो, तरी रक्कम मात्र त्याच्या नावावर कळविली जातेच. उत्पन्न वस्तुतः दुसऱ्याचे असेल, तर नियम ३७बीए(२) प्रमाणे तसे लेखी प्रतिज्ञापन कर कापणाऱ्याला वेळेवर द्यावे, म्हणजे तो ज्याची रक्कम त्याच्या पॅनवर कळवील. हिशेब मिटल्यावर ही आठवण येऊन उपयोग नाही.

एका काल्पनिक कंत्राटदाराचे उदाहरण घेऊन पुढची तजवीज पाहू. त्याचे देयक ९,८०,००० रुपयांचे. कर कापला ९,८०० रुपये. परंतु २६एएसमध्ये जमा दिसते ९८,००,००० रुपये. तो कलम ४४एडीखाली अनुमानित नफा दाखवितो, आणि पैसे बँकेतून आल्यामुळे ६ टक्क्यांचा दर लावतो. खऱ्या आकड्यावर त्याचा नफा ५८,८०० रुपये; खोट्या आकड्यावर ५,८८,०००. एका शून्याचा हा प्रताप.

त्याने प्रथम कार्यादेश, देयकाची प्रत, बँकेचा उतारा आणि २६एएसची प्रत हे चार कागद एकत्र करावेत, आणि मग त्या कार्यालयाच्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याच्या नावे अर्ज लिहावा; ओळखीच्या लिपिकाच्या कानावर घालून येणे म्हणजे अर्ज करणे नव्हे. अर्जात कार्यालयाचा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, आपला पॅन, आर्थिक वर्ष, तिमाही, नोंदीची तारीख, दाखविलेली रक्कम, खरी रक्कम आणि कापलेला कर, एवढे मांडून शेवटी स्पष्ट लिहावे: ‘सबब, उपरोक्त तिमाहीचे २६क्यू विवरण दुरुस्त करून सादर करण्यात यावे व सुधारित १६ए दाखला मिळावा, ही विनंती.’ आपल्या भागातील कार्यालयांचे टॅन ‘एनजीपी’ या तीन अक्षरांनी सुरू होतात, ती नागपूरची खूण. सुरुवात निराळी दिसली तर आकडा कदाचित आपण समजतो त्या कार्यालयाचा नसून दुसऱ्याच कोणाचा असेल, आणि मग अर्जाचा पत्ताही बदलेल. अर्ज दोन प्रतींत न्यावा, आवक शाखेत द्यावा, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेसह पोच घेतल्यावाचून जागचे हलू नये.

अर्जात आणखी एक वाक्य सौम्यपणे घालावे. ९८ लाखांवर केवळ ९,८०० रुपये कापल्याचे कळविले, तर संगणक ते कार्यालय कमी कर कापल्याच्या दोषास पात्र धरतो, आणि फरकाची मागणी व्याजासह त्याच्याच टॅनवर काढतो. शिवाय विवरणात चुकीची माहिती दिल्यास कलम २७१एचखाली १०,००० ते १,००,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. धमकी म्हणून हे लिहू नये. परंतु ‘या चुकीमुळे आपल्या कार्यालयासही मागणी निघण्याचा संभव आहे’ एवढे वाक्य पुष्कळदा फाईल एका टेबलावरून दुसऱ्यावर सरकविते.

तरीही काही हालचाल न झाल्यास, आणि समोर सरकारी कार्यालय असल्यास, माहिती अधिकार अधिनियम, २००५ हे सामान्य माणसाच्या हातातले चांगले शस्त्र आहे. दहा रुपयांचा न्यायालय शुल्क मुद्रांक लावून जन माहिती अधिकाऱ्याकडे त्या देयकाच्या प्रमाणकाची, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पानांची आणि सादर केलेल्या टीडीएस विवरणातील आपल्या नोंदीची साक्षांकित प्रत मागावी. उत्तरास तीस दिवसांची मुदत असते. प्रत मिळाली की खरा आकडा त्याच कार्यालयाच्या शिक्क्यानिशी आपल्या हाती येतो, आणि दुरुस्ती लांबली तरी पुरावा लांबत नाही. समोर खाजगी मुख्य कंत्राटदार असेल तर हा मार्ग नाही. तेथे नोंदणीकृत डाकेने पत्र आणि शेवटी प्राप्तिकराच्या टीडीएस अधिकाऱ्याकडे तक्रार, एवढेच उरते.

कार्यालयात अर्ज दिला त्याच दिवशी प्राप्तिकराच्या पोर्टलवर एआयएस उघडून त्या नोंदीसमोर आपला अभिप्राय नोंदवावा. माहिती बरोबर नाही, ती दुसऱ्या पॅनची वा दुसऱ्या वर्षाची आहे, ती दुबार आहे, ती मुळीच मान्य नाही, असे पर्याय तेथे दिलेले असतात. आपल्या उदाहरणातील कंत्राटदाराने पहिला निवडून ९,८०,००० हा आकडा भरावा आणि पोच उतरवून घ्यावी. हा अभिप्राय माहिती देणाऱ्याकडे पडताळणीस जातो, आणि त्याने मान्य केला की नाही, हे मे २०२४ पासून तेथेच दिसू लागले आहे. मात्र अभिप्रायाने २६एएस बदलत नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे.

दरम्यान विवरणपत्राची मुदत येते. तिची वाट अडवून बसू नये. विवरणपत्रात खरी रक्कम लिहावी, आणि कराची वजावट आपली जितकी तितकीच मागावी. परक्या रकमेबरोबर परका करही आपल्या नावे दिसत असेल, तर त्याचा मोह धरणे म्हणजे ती रक्कम आपली असल्याचे कबूल करणे होय: संपूर्ण वजावट मागितली आणि जमा मात्र कमी दाखविली, की कलम १३९(९) खाली सदोष विवरणपत्राची नोटीस निघते, आणि तिच्या उत्तराला केवळ पंधरा दिवस मिळतात. खरा आकडा लिहिलेल्यालाही विचारणा होऊ शकते. पण त्याच्यापाशी पोच असलेला अर्ज, एआयएसची पोच आणि रुजवातीचा तक्ता असतो, व तो दोन परिच्छेदांत उत्तर देऊन मोकळा होतो. विवरणपत्र तपासल्यावर येणाऱ्या कलम १४३(१) च्या सूचनेत चूक राहिली, तर कलम १५४ प्रमाणे दुरुस्तीचा अर्ज त्या आदेशाच्या आर्थिक वर्षाअखेरपासून चार वर्षांपर्यंत करता येतो. ज्याने घाबरून खोट्या रकमेवर कर भरून टाकला, त्याला अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग उपयोगी नाही, कारण उत्पन्न कमी करण्यासाठी ते भरताच येत नाही.

याच्या अगदी उलट तक्रारही असते: कर कापला, पण सरकारजमा झाला नाही, म्हणून २६एएस कोरे. त्यासाठी कलम २०५ आहे. कापून घेतलेल्या कराची वसुली पुन्हा कंत्राटदाराकडून करता येत नाही, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली, नोकरदाराच्या प्रकरणात का होईना, हेच सांगितले आहे. कर कापल्याचे दाखविणारा देयकाचा कागद मात्र हवा.

मुदतीविषयी पूर्वीची निश्चिंती आता राहिलेली नाही. टीडीएस विवरण दुरुस्त करण्यास पूर्वी कालमर्यादाच नव्हती; १ एप्रिल २०२५ पासून सहा वर्षांची मर्यादा आली; आणि १ एप्रिल २०२६ पासून अंमलात आलेल्या प्राप्तिकर कायदा, २०२५ याने ती दोन वर्षांवर आणली. त्या कायद्यात कलमांचे क्रमांकही बदलले. जुन्या वर्षांना जुनी कलमे लागू राहतात, म्हणून अर्जात वर्ष आणि कलम यांची जोडी सल्लागाराकडून तपासून घ्यावी. वर्षाअखेरीस एकदाच २६एएस पाहण्याची सवय त्यामुळे महागात पडू लागली आहे. कार्यालयाने विवरण सादर करण्याची तारीख उलटली की पंधरवड्याने, म्हणजे ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि जून यांच्या मध्यास, एकदा पॅनखालील नोंदी पाहाव्यात; तेव्हा देयक लिहिणारा मनुष्य त्याच टेबलावर असतो आणि त्याला आपले काम आठवतही असते.

दुरुस्ती झाल्यावर नवी २६एएस काढून घ्यावी आणि जुन्या प्रतीला टाचून ठेवावी. जुनी प्रत फेकून देणारे फार. परंतु पाच वर्षांनी कोणी विचारले की त्या साली सरकारदप्तरी ९८ लाख असताना आपण ९ लाख ८० हजारच कसे लिहिले, तर त्या दिवशी पडद्यावर काय होते हे सांगणारा तेवढा एकच कागद आपल्या पिशवीत असतो.